शेजारी आणि खरेदीखत

बायबलमध्ये लेवीय नावाचा एक ग्रंथ आहे. त्याच्या १९व्या अध्यायात ते प्रसिद्ध वाक्य येतं: तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. पुष्कळांना हे वाक्य येशूचं वाटतं. येशूने ते आपल्या आधीच्या यहुदी शास्त्रातून घेतलं होतं. त्याच अध्यायात थोडं पुढे गेलं की परक्या माणसावरही तशीच प्रीती करायला सांगितलंय, कारण तुम्हीसुद्धा मिसर देशात परके होतात. आणि सहा अध्याय ओलांडून २५व्यात पोचलं की भोवतालच्या राष्ट्रांतून गुलाम विकत घ्यावेत आणि ते मुलाबाळांना वारशाने द्यावेत, अशी सरळ परवानगी आहे.

एकाच पोथीत ही दोन्ही वाक्यं आहेत. ख्रिस्ती जगात गुलामगिरीवरून शतकानुशतकं जे भांडण चाललं ते समजून घ्यायचं तर ही सहा अध्यायांची फट लक्षात ठेवावी लागते. प्रीतीची आज्ञा कुणीच नाकारली नव्हती. शंभर गुलामांचा मालकही रविवारी चर्चमध्ये ती म्हणायचा, आणि बहुधा मनापासून म्हणायचा. अडत होतं ते दोन ठिकाणी: शेजारी कुणाला म्हणायचं, आणि प्रीती करताना घरातल्या खरेदीखताला हात लावायचा की नाही.

पहिला प्रश्न तर येशूलाच तोंडावर विचारला गेला होता. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री उभा राहतो (मराठी बायबलात शब्द 'शास्त्री' असाच आहे) आणि म्हणतो, ठीक आहे, पण माझा शेजारी कोण? हा वकिली प्रश्न आहे. हद्द आखून द्या, म्हणजे हद्दीबाहेरच्यांची जबाबदारी नाही. येशू हद्द आखत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू झोडपून अर्धमेला टाकतात. याजक येतो, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवेकरी, येतो, तोही तसाच जातो. मग येतो एक शोमरोनी, ज्याच्या जमातीशी यहुदी लोकांचा व्यवहारही नसायचा. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो, आणि निघताना मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवून सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. शेवटी येशू प्रश्नच उलटा करतो: या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्दही निघत नाही. तो म्हणतो, 'ज्याने दया केली तो.'

मराठी वाचकाला ही गोष्ट खरं तर इतरांपेक्षा लवकर कळायला हवी. आपल्या जुन्या गावात शेजार आळीने ठरायचा आणि आळी जातीने. कासार आळीतल्या माणसाचा शेजारी कासार. महारवाड्यातल्या माणसाला गावात कुणी शेजारी म्हणत नव्हतं, तो फार तर 'गावकुसाबाहेरचा'. शास्त्र्याला नेमकी अशीच व्याख्या हवी होती.

दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, ग्रीक भाषेत 'दूलॉस' असा शब्द येतो. त्याचा अर्थ मालकीचा, विकत घेतलेला माणूस. मराठी बायबल त्याला 'दास' म्हणतं. दास म्हटलं की आपल्याला रामदास आठवतात. शब्दाला भक्तीचा सुवास आहे. म्हणून 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' हे पौलाच्या, म्हणजे सुरुवातीच्या मोठ्या ख्रिस्ती प्रचारकाच्या, नावाचं वाक्य मराठीत वाचताना घरगड्याला केलेल्या उपदेशासारखं वाटतं. मूळ ऐकणारे दास कोण होते? युद्धात पकडलेले, कर्जापायी विकले गेलेले, गुलाम आईच्या पोटी जन्मलेले. रोमन कायद्यात त्यांचं लग्न लग्न धरलं जात नव्हतं. कातडीच्या रंगाशी या गुलामगिरीचा संबंध नव्हता, तो पुढे अटलांटिकच्या व्यापारात जोडला गेला. पण माणूस मालमत्ता होता हे दोन्हीकडे खरं.

जुन्या करारातले नियमही असेच उलटसुलट आहेत. इब्री, म्हणजे यहुदी, गुलामाला सातव्या वर्षी सोडा. माणूस पळवून विकणाऱ्याला देहदंड द्या. पळून आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नका, त्याला तुमच्यात राहू द्या. आणि त्याच नियमावलीत हेही: धन्याने गुलामाला झोडपलं आणि तो एक-दोन दिवस जगून मग मेला तर धन्याला शिक्षा नाही, कारण गुलाम हे त्याचं धन आहे. पुढे ज्याला जे हवं ते त्याने यातून उचललं.

आता पौलाचं एक छोटं पत्र बघू. पंचवीस ओव्यांचं, वाचायला तीन मिनिटं पुरतात. पौल तुरुंगात आहे. तिथे त्याच्याकडे अनेसिम नावाचा गुलाम आलाय, परंपरेनुसार मालकाकडून पळालेला. मालक फिलेमोन हाही ख्रिस्ती, पौलाचाच चेला, आणि गावातली मंडळी प्रार्थनेला जमते ती त्याच्याच घरी. पौल अनेसिमाला परत पाठवतो, सोबत हे पत्र. अनेसिम या नावाचा अर्थ 'उपयोगी'. पौल त्यावर कोटी करतो: पूर्वी तो तुला निरुपयोगी होता, आता तुलाही आणि मलाही उपयोगी झालाय. मग म्हणतो, त्याला दास म्हणून नव्हे, दासाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. मी आलो असतो तर जसं घेतलं असतंस तसं घे. आणि पुढची ओळ अगदी वाण्याच्या वहीतली: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल, तर ते माझ्या नावे मांड. मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन.

पत्र एकट्या फिलेमोनाच्या नावे नाही, त्याच्या घरी जमणाऱ्या सगळ्या मंडळीच्या नावे आहे. म्हणजे ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार, आणि अनेसिम बहुधा तिथेच कुठेतरी दाराशी उभा असणार. फिलेमोनाला 'भाऊ' हा शब्द त्याच्याकडे बघत ऐकावा लागला असेल.

पण 'त्याला मुक्त कर' असं पौल कुठेच लिहीत नाही. 'मी म्हणतो त्याहून अधिकच तू करशील' एवढंच लिहून थांबतो. या न लिहिलेल्या वाक्याने फार घोळ घातला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत पळालेले गुलाम मालकाला परत करावेत असं म्हणणारे हेच पत्र दाखवत: बघा, पौलानेही परत पाठवला. गुलामगिरीविरोधी लोकही हेच पत्र दाखवत: बघा, भाऊ म्हणाला. मला विचाराल तर पौलाने इथे मालकाचा रुसवा सांभाळला. तेव्हा त्याने मन सांभाळलं, नंतर अनेक शतकं इतरांनी त्याच्या आडून मालमत्ता सांभाळली.

पहिल्या काही शतकांत एका माणसाने मात्र आडपडदा ठेवला नाही. निसाचा ग्रेगरी, आजच्या तुर्कस्तानातला बिशप. सन ३८०च्या सुमारास बायबलातल्या 'उपदेशक' या ग्रंथावर प्रवचन देताना 'मी दासदासी विकत घेतल्या' या वाक्यावर तो अडतो आणि श्रोत्यांवर अक्षरशः तुटून पडतो. त्याचा रोख असा: सांगा, किती दिले? देवाने आपल्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाची किंमत तुम्ही किती नाण्यांत मोजली? देवाने सगळी पृथ्वी माणसाच्या हाती दिली. मग माणूस विकला तर त्याच्यासोबत पृथ्वीही विकली का? आणि तो कागदाचा चिटोरा, तो करार, ती मोजलेली नाणी, एवढ्याने तुम्हाला वाटलं की तुम्ही देवाच्या प्रतिमेचे मालक झालात? गुलामाला नीट वागवा असं सांगणारे उपदेशक त्या काळी पुष्कळ होते. ग्रेगरीने थेट कागदावर बोट ठेवलं. त्याच्यामागे फारसं कुणी गेलं नाही. पुढच्या काही दशकांत ऑगस्टीन या बिशपने मांडलं की गुलामगिरी मूळ निर्मितीतली नाही, ती माणसाच्या पापाचा परिणाम आहे. मांडणी सोयीची होती: वाईट म्हणायचंही, चालूही ठेवायची.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली तेव्हा १४५२ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला सारासेन (म्हणजे मुसलमान) आणि मूर्तिपूजकांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असं जाहीर केलं. शेजाऱ्याची हद्द अशी कधी आत, कधी बाहेर सरकत राहिली.

ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आली ती गोव्यात. जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरेता म्हणजे सरळ रस्ता त्याचं नाव, रोज सकाळी सात ते नऊ बाजार भरायचा. त्याला म्हणायचे 'लेइलाँव'. आपला 'लिलाव' हा शब्द तिथलाच. आर्चबिशपच्या चाकरीत १५८३ साली गोव्याला आलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच माणसाने त्याचं वर्णन करून ठेवलंय: अरबी घोडे, मसाले, गालिचे, आणि गुरांसारखे विकले जाणारे लहानथोर स्त्री-पुरुष. बाजार रोज असे, फक्त रविवार आणि सणवार सोडून. गोव्यातल्या धर्मगुरूंना हा प्रश्न सुचलाच नव्हता असं नाही. १५६७च्या प्रांतिक धर्मपरिषदेत त्यांनी गुलाम कायदेशीर कधी ठरतो याच्या वाटा ठरवून दिल्या: गुलाम आईचं मूल, न्याय्य युद्धातला कैदी, टोकाच्या गरजेत बापाने विकलेलं मूल, वगैरे. त्या बसल्या बैठकीत चर्चा झाली ती कागद खरा की खोटा याची. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपायला १८६९ उजाडलं, तेही आणखी काही वर्षांच्या सक्तीच्या चाकरीची अट ठेवून.

कॅथलिकांचं असं आणि प्रोटेस्टंटांचं वेगळं, असं कुणाला वाटत असेल तर बार्बाडोस बेटाकडे बघावं. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाच्या बागायतदाराने १७१० साली मरताना आपले उसाचे मळे, गुलामांसकट, इंग्लंडच्या चर्चच्या शुभवर्तमान प्रसारक संस्थेला दान दिले. संस्था मालक झाली. गुलाम पळाले तर ओळखता यावेत म्हणून त्यांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने डाग दिला जाई. डागाची अक्षरं होती: 'सोसायटी'. शुभवर्तमान सांगायला निघालेल्या संस्थेचं नाव असं माणसांच्या छातीवर होतं. १८३४ साली ब्रिटिश वसाहतींत गुलामांची मुक्ती झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली. ती मालकांना, गुलामांना नाही. एकूण दोन कोटी पौंडांतून या संस्थेच्या वाट्याला चारशेहून अधिक माणसांपोटी आठ हजार पौंडांच्या वर रक्कम आली. पुढे याच संस्थेचे मिशनरी कोल्हापूर आणि अहमदनगरला काम करत होते. चर्चच्या महासभेने याबद्दल माफी मागितली २००६ साली.

मालकांना एक भीती मात्र होती. गुलामाला बाप्तिस्मा दिला तर तो भाऊ होतो. मग त्याला विकायचा कसा? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या विधिमंडळाने १६६७ साली कायदा करून ती मिटवली: बाप्तिस्म्याने माणसाची गुलाम ही स्थिती बदलत नाही. आता गुलामांना निर्धास्तपणे शुभवर्तमान सांगता येत होतं. पण तेही निवडून. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं गेलं. त्यात मिसर देशातून गुलामांच्या सुटकेची गोष्टच नव्हती. 'दास नाही आणि स्वतंत्र नाही, तुम्ही सगळे ख्रिस्तात एकच आहात' ही पौलाची ओळ नव्हती. 'दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा' ही होती. ज्यांनी ही कात्री चालवली त्यांना कुठली वाक्यं धोक्याची हे अचूक कळलं होतं, एवढं श्रेय त्यांना द्यावं लागेल.

अमेरिकेच्या दक्षिणेत 'शेजाऱ्यावर प्रीती कर' याला धर्मोपदेशकांनी चतुर उत्तर शोधलं. ते म्हणत, इतरांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं त्यांच्याशी वागा, याचा अर्थ सगळ्यांना समान करा असा नाही. मी गुलाम असतो तर मालकाने जसं वागवावं असं मला वाटलं असतं तसं मी गुलामाला वागवावं, एवढाच. या तर्कात प्रीती भरपूर आहे, फक्त ती खरेदीखताच्या अलीकडे थांबते. बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांत १८४५ साली याच प्रश्नावरून फूट पडली: गुलाम बाळगणारा मिशनरी होऊ शकतो का? दक्षिणेकडचे 'होऊ शकतो' म्हणत वेगळे झाले. त्यांची माफी आली १९९५ साली.

मालकाची ही प्रीती गुलामाच्या बाजूने कशी दिसायची ते गुलामगिरीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने सांगून ठेवलंय. त्याचा मालक थॉमस ऑल्ड १८३२ साली मेथडिस्टांच्या एका धर्ममेळाव्यात भक्तीला लागला. डग्लसला वाटलं आता हा निवळेल. झालं उलट. घरात एक पांगळी तरुण गुलाम बाई होती. ऑल्ड तिला बांधून, उघड्या खांद्यांवर चाबूक ओढायचा आणि ओढताना बायबलातलं वाक्य म्हणायचा: धन्याची इच्छा ठाऊक असून जो ती करत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील. डग्लसने १८४५च्या आपल्या आत्मकथनाला शेवटी एक पुरवणी जोडली. ख्रिस्ताचा धर्म आणि या देशाचा धर्म यांत एवढं अंतर आहे की एकाचा मित्र व्हायचं तर दुसऱ्याचा शत्रूच व्हावं लागतं, अशा अर्थाचं त्याने त्यात लिहिलं.

मग फिरलं कुठे? मला वाटतं, एखाद्या नव्या ओवीने काही फिरलं नाही. काही माणसांनी कागदावर सही करायचं नाकारलं, तिथून फिरायला लागलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावात जॉन वूलमन नावाचा क्वेकर (हा एक छोटा प्रोटेस्टंट पंथ) तरुण एका दुकानदाराकडे कामाला होता. दुकानदाराने आपली एक कृष्णवर्णी गुलाम बाई विकली आणि वूलमनला म्हणाला, विक्रीचा कागद लिही, गिऱ्हाईक थांबलंय. मालकाचा हुकूम, घेणारा म्हातारा क्वेकरच, प्रसंग अचानक आलेला. वूलमनने कागद लिहिला. पण लिहिताना दोघांना सांगितलं की गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं मला वाटतं. तो कागद लिहिल्याची बोच गेली नाही. पुढच्या वेळी दुसऱ्याने सांगितलं तेव्हा त्याने नकार दिला. पुढे लोकांची मृत्युपत्रं लिहून देताना गुलामांच्या वाटणीचं कलम लिहायलाही तो तयार होईना. गुलामवाल्यांच्या घरी मुक्काम केला तर राबणाऱ्या गुलामांच्या हातात पैसे ठेवून निघायचा. यजमानाला काय वाटत असेल ते असो. अशा चिवट, जरा अवघड पाहुण्यांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीने फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी १७७६ साली गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्वच नाकारलं.

अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याची बातमी पुण्यापर्यंत आली होती. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण करून, आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा असं म्हणत. आळीच्या पलीकडचा शेजारी फुल्यांना शास्त्र्यापेक्षा लवकर दिसला होता.

त्याच काळात नाशिकमध्ये खुद्द गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहत होती. आज शरणपूर रोडवर क्लासेसच्या पाट्या आणि दवाखाने बघत जाणाऱ्याला हे नाव कुठून आलं असा प्रश्न पडत नाही. १८५०च्या दशकात विल्यम प्राइस या मिशनऱ्याने वसवलेलं हे ख्रिस्ती गाव, शरण आलेल्यांचं. ब्रिटिश आरमार अरबी गलबतांवरून जी मुलं सोडवून मुंबईला उतरवायचं त्यातली कित्येक १८६० पासून इथे आली. अक्षरं, सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंगस्टन या मिशनरी संशोधकाचा मृतदेह आफ्रिकेच्या जंगलातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता तो जेकब वेनराइट या शरणपूरचाच विद्यार्थी. १८७५च्या सुमारास यांच्यापैकी दीडशेच्या आसपास लोक मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन वस्तीत परत आफ्रिकेला गेले, प्राइससोबत.

मोंबासाच्या किनाऱ्यावर तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. मिशनला वरून ताकीद होती: मालकांशी तंटा नको, पळालेल्या गुलामांना थारा देऊ नका. जवळच्या रबाई ठाण्यावर शरणपूरला शिकलेला विल्यम जोन्स होता, लहानपणी स्वतः पकडून विकला गेलेला. पळून आलेले लोक ठाण्याशी झोपड्या बांधत गेले आणि जोन्स त्यांना घालवेना. १८८८ साली मालक संतापून चालून यायच्या बेतात होते. प्राइसला पुन्हा बोलावून घेतलं गेलं. त्याने मोजणी केली तेव्हा आकडा शेकड्यांत निघाला. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीने मालकांना माणशी पैसे मोजले, आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाई आणि आसपासच्या मिशन वस्त्यांतल्या सुमारे १,४०० जणांच्या हाती मुक्तीचे कागद दिले. जोन्सने ज्यांना घरात घेतलं होतं त्यांची किंमत अशी पुन्हा एकदा मालकांनाच मिळाली.